नईम, तुझी डावी बाजू

तुझ्या शोकसभेत माईक शिट्टी मारत होता.

पहिल्या वक्त्यानं तोंड उघडलं आणि कुईंऽऽ! अख्खं सभागृह कान दाबून बसलं. कुणीतरी धावत जाऊन मशीनची दोन-चार बटणं फिरवली, तर आवाजच गेला. पुन्हा फिरवली, पुन्हा कुईं. अकोल्यातल्या निम्म्या लग्नांना आणि सभांना ज्यानं आवाज पुरवला, त्याच्यासाठी जमलेल्या लोकांना एक माईक धड लावता येईना. मी तिसऱ्या रांगेत होते आणि भयंकर संतापले होते. वाटलं, आता तू दारातून येशील, "सरका बरं, कोनी हात नका लावू," म्हणशील आणि माईकच्या मागं ठेवलेला स्पीकर हातभर पुढं ओढशील. एवढंच तर करायचं होतं. शेवटी मीच उठले आणि ओढला. "मॅडम, तुम्ही कशाला, तुम्ही बसा," असं एकजण म्हणालाच.

मग भाषणं झाली. गेल्या वर्षी तू ज्याला आपला पॉडकास्ट ऐकवायला गेला होतास आणि "हे काय असते बे, रेडिओ का?" म्हणून ज्यानं तुला हसून घालवलं होतं, तोच काल "दैवी देणगी लाभलेला कान" म्हणत होता. डोळेही पुसत होता! मला बोलायला बोलावलं तर मी गेले नाही. मला जे बोलायचं आहे ते तुझ्याशी आहे, आणि त्यातलं बरंचसं भांडण आहे. मी कॉलेजात मराठी शिकवते. "ताई, तुमी रागातबी व्याकरण सोडत नाई," असं तू चिडवायचास ना? आज सुटणार आहे ते. ऐक.

काहून नाई सांगितलं तू मले?

थांब. आधी बाकीचं सांगते, नाहीतर वाचणाऱ्यांना काही समजायचं नाही. तू अकोल्याचा साउंड सर्विसवाला, मी अमरावतीची मास्तरीण. आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला तू स्पीकर घेऊन आलास आणि जाताना म्हणालास, "ताई, तुमी गोठ मस्त सांगता, पन माईकले लय घाबरता." त्यातून चार वर्षांपूर्वी आपला पॉडकास्ट 'ऐकून राहिलो' सुरू झाला. मी माणसांशी बोलायचं आणि तू आवाज टिपून तो जुळवायचा. दोन वर्षं आपण साधंच रेकॉर्डिंग केलं. आणि मग एक दिवस तू मला दुकानात स्टुलावर बसवलंस, डोक्यावर हेडफोन घातलास आणि म्हणालास, "डोळे मिटा. काई झालं तरी उघडू नका."

मी अकोल्याच्या ऑटोस्टँडवर उभी होते. उजवीकडे कोणी चहा ओतत होतं. समोरून "मूर्तिजापूर, मूर्तिजापूर" अशी हाक आली. आणि एक ऑटो माझ्या पाठीमागून, अगदी पदराला लागून जावा तसा गेला. मी दचकून स्टुलावरून उठले, मागं वळले. मागं तुझं कपाट होतं. तू पोट धरून हसत होतास. "याले स्पेशियल ऑडिओ म्हंतेत ताई. ऐकनारा बाहीर नाई राहात, मधात येऊन बसते."

त्यासाठी तुझ्याकडे दोन इवलेसे माईक होते. दिसायला इअरफोनसारखेच, पण ते ऐकवत नाहीत, ऐकतात. ते स्वतःच्या कानांत घालून तू उभा राहायचास, म्हणजे डाव्या कानाला डावीकडचं आणि उजव्याला उजवीकडचं पोचायचं, जसंच्या तसं. अट एकच, मान हलवायची नाही. मान हलली की ऐकणाऱ्याची सगळी दुनिया फिरते. बोलणाऱ्यांच्या गळ्यात वेगळे माईक असायचे, त्यांचा आवाज तू मागाहून मशीनवर हवा तिथं ठेवायचास. शेंदूरजनाघाटच्या संत्र्याच्या बागेत तू असा पाऊण तास उभा होतास. नाकावर माशी बसली तरी हललास नाहीस. निवडाईला बसलेल्या बायकांतली एक मला हळूच म्हणाली, "काव मॅडम, याले वारा लागला का?" तुझं पोट हसून हसून हलत होतं, पण मान? जागच्या जागी. त्या दिवशी मला तुझा फार अभिमान वाटला होता. तेही मी बोलले नव्हते म्हणा. हे माझ्या खात्यावर लाव.

आता तुझी दुसरी खोड. बसायची जागा. चहाच्या टपरीवर मी बाकावर टेकले की तू मला उठवायचास, "तिकडं सरका ताई," म्हणून माझ्या डावीकडे येऊन बसायचास. ऑटोत तेच. बसमध्ये तर तुझी लहर म्हणजे कमाल होती. कधी मोठ्या मनानं मला खिडकी द्यायचास आणि कधी जीव गेला तरी नाही. चिखलदऱ्याला कॉफीच्या मळ्यावर गेलो तेव्हा उजवीकडच्या सीटा भरल्या होत्या. डावीकडच्या बाकावर तू खिडकी धरून बसलास. घाट लागला, मला मळमळायला लागलं. मी म्हटलं, "नईम, खिडकी दे." तू म्हणालास, "लिंबू देतो." मी म्हटलं, "लिंबू गेलं खड्ड्यात, खिडकी दे!" नाही दिलीस. शेवटी तुझ्या अंगावरून वाकून मी खिडकीतून ओकले, तुझ्या नव्या शर्टाची बाही खराब झाली, कंडक्टर ओरडला, आणि तू? तू जागचा उठला नाहीस. वर म्हणालास, "बोलत राहा ताई, बोललं की मळमळ कमी होते." असा राग आला होता मला! भैताड म्हटलं होतं मी तुला, भर बसमध्ये.

आणि मग शेंदूरजन्याचा भाग.

त्यात दोनच माणसं होती. आपल्या बागेचा सौदा स्वतः करणाऱ्या मंदाकाकू, आणि बागेतला माल घ्यायला आलेला व्यापारी. भोवती तोड चालली होती, शिड्या सरकत होत्या, क्रेट आपटत होते. तू तो भाग जुळवलास, पुण्याच्या ज्या मंडळींच्या ॲपवर आपण चालतो त्यांनी तो लावला, आणि तिसऱ्या दिवशी मंदाकाकूंचा फोन आला. "काव मॅडम, माया आवाज कुठी गेला? निस्ता तो व्यापारीच बोलून राहिला. मी का मुकी होती का त्या दिवशी?"

मला काही कळेना. मग उलगडलं. काकूंनी आणि त्यांच्या सुनेनं संत्री निवडता निवडता तो भाग ऐकला होता, एकाच इअरफोनवर. एक बोंड सासूच्या कानात, एक सुनेच्या. आपल्याकडे ऐकतात तसेच. बसमध्ये नवरा-बायको तसेच ऐकतात, कट्ट्यावर पोरी तशाच ऐकतात. कोणाच्या घरी दोन-दोन हेडफोन आहेत? आणि तू व्यापाऱ्याला नेलं होतंस डाव्या कानाच्या पार टोकाला, काकूंना उजव्याच्या. सासूच्या वाट्याला व्यापारी आला. सुनेच्या वाट्याला सासू. सून म्हणे, "हे तं मले घरी रोजच ऐकू येते."

मी तशीच बस धरून अकोल्याला आले. तुझ्या दुकानात उभी राहून ओरडले. तू म्हणालास, "ताई, दोनी कानांनी ऐकाव ना मंग." मी म्हटलं, दोन्ही कानांनी ऐकायला ते काय स्टुडिओत बसतात का? ज्या बाईची गोष्ट, तिलाच आपण तिच्या गोष्टीतून हाकललं! तू म्हणालास, "साध्यात मजा नाई राहात." मी म्हटलं, मजा कोणाची, तुझी का तिची? असं वाढत गेलं. आणि मग मी ते बोलले.

"तुले ऐकू येते का नाई? हे काय एका कानानं जुळवलं का तू?"

तू हसलास. "हाव ना ताई. एकच चालू हाये."

"मस्करी नको करू. नसेल जमत तर सांग, मी दुसरा साउंडवाला पाहते."

तुझं हसू तसंच राहिलं, पण तू मशीनकडं तोंड फिरवलंस. "भाग काढून घ्या म्हना पुन्यावाल्याईले. मी पुन्ना करतो," एवढंच म्हणालास. मी चहा न पिता निघाले. त्यानंतर नऊ दिवस तू फोन केला नाहीस आणि मीही नाही. दहाव्या दिवशी दुपारी, माझा तास सुरू असताना, तुझ्या मेव्हण्याचा फोन आला, तू गेलास म्हणून. सकाळपासून छातीत दुखत होतं म्हणे आणि तू सगळ्यांना गॅस झाला म्हणून सांगत होतास. तेही लपवलंस! लपवायची तुला सवयच लागली होती, नालायका.

आठवडा गेल्यावर मी तुझ्या घरी गेले. खरं सांगू? तो भाग मागायला गेले होते. तू तो कुठवर आणला होतास ते पाहायचं होतं, आणि तुझ्या बायकोच्या, शबानाच्या तोंडाकडं पाहायची हिंमत नव्हती म्हणून कामाचं निमित्त केलं. ती मला तुझ्या मशीनच्या खोलीत घेऊन गेली. तिथं दोन खुर्च्या होत्या. मी विचारलं, दुसरी कोणाची?

"मेरी," ती म्हणाली. "बाजी, आपको मालूम नहीं क्या? उनको बाएँ कान से सुनाई नहीं आता था. शादी के टाइम से कम था, दो साल से तो बंदच."

मी खुर्चीत बसले. तिनं मशीनच्या कव्हराखालून डॉक्टरांचा, कान तपासल्याचा कागद काढून दिला. उजव्या कानाची रेघ वर होती, डाव्याची पार खाली गेलेली. वीस वर्षं स्पीकरच्या भिंतीला डावा कान लावून उभा होतास, दुसरं काय होणार होतं? आणि शबानानं सांगितलं, तू कसं करायचास ते. तिला त्या खुर्चीत बसवायचास, हेडफोन घालायचास, डोळे मिटायला सांगायचास. एकेक आवाज सोडायचास आणि ती बोट करायची. इकडून आला. मागून आला. डोक्यावरून गेला. ती बोट करेल तसं तू वहीत लिहायचास. तिचं बोट अडखळू नये, ठाम एका बाजूला जावं म्हणून तू आवाज आणखी टोकाला न्यायचास, आणखी टोकाला. म्हणून व्यापारी त्या टोकाला गेला आणि मंदाकाकू ह्या टोकाला. ऑटोस्टँडसुद्धा तिच्याच बोटानं तपासला होता. म्हणजे दोन वर्षं लोक जे ऐकत होते ते शबानाच्या कानांनी, आणि तिचं नाव एकाही भागाच्या शेवटी नाही. यावरूनही मी तुझ्याशी भांडणार होते. आता कोणाशी भांडू?

आणि मी काय बोलले होते तुला? एका कानानं जुळवलं का! तू खरं सांगितलंस, तोंडावर, हसत, आणि मी त्याला मस्करी म्हटलं. मले झोप लागत नाई, नईम. पण सगळा दोष मी माझ्या डोक्यावर घेणार नाही हां. एकदा खुर्ची ओढून, हसणं बंद करून सांगायला काय झालं होतं? साउंडवाल्याचा कान गेला म्हटलं की काम जाईल, याची भीती होती, बरोबर? इतरांचं सोड. मी काम काढून घेतलं असतं तुझं? मी?

हो, तेच तर म्हटलं होतं मी. दुसरा साउंडवाला पाहते म्हणून. जाऊ दे.

मग मी एक मूर्खपणा केला. पुण्याच्या मंडळींनी फोन करून विचारलं, तो भाग परत कधी देताय? मी म्हटलं, नईम गेला, थोडी मुदत द्या, आणि बोलण्याच्या भरात तुझ्या कानाचंही सांगून बसले. पलीकडून बोलणारा मुलगा काय म्हणाला असेल? "मॅम, हे तर सोनं आहे!" सोनं! "एका कानाचा माणूस आणि स्पेशियल ऑडिओ! यावर ट्रेलर करू. त्यांच्या मिसेसचे दोन बाइट घेऊ, रडल्या तरी चालेल. भाग आम्ही इथं सॉफ्टवेअरवर नीट करून घेतो, शुक्रवारी लावू."

त्यानं मला मॅम म्हटलं होतं म्हणून सुरुवातीला मी प्रमाण भाषेत नाही म्हटलं. तो म्हणाला, "इमोशनल होऊ नका." मंग सुटलं व्याकरण. मी म्हटलं, "तुले रडनारी बाई पायजे का ट्रेलरले? त्यानं जे जलमभर झाकलं ते तू पोस्टरवर लावशील? तुया घरचं कोनी गेलं तं लावतो का असं?" तो म्हणाला, असं असेल तर पुढं कार्यक्रम चालवणं अवघड आहे. मी म्हटलं, "नोको चालवू. मंदाकाकूले तो भाग मी फोनवर पाठवीन." आणि ठेवला. भांडून या वेळी बरं वाटलं. तू असतास तर "ताई, एवढं नका ना बोलू" म्हणून घाबरून पाणी दिलं असतंस.

मग इथं मी का लिहितेय, असं विचारशील. शबानाला विचारून लिहितेय. ती म्हणाली, "ट्रेलर नहीं. पर आप लिखो. जो लोग स्पीकर के बाजू में खड़े रहते हैं, वो तो पढ़ेंगे." म्हणून लिहिलं.

तो भाग आम्ही दोघींनीच पुरा केला. तू अकरा मिनिटं करून ठेवली होतीस. मी हेडफोन लावले आणि ऐकत गेले, आणि पुन्हा तुझा राग आला. कारण त्या अकरा मिनिटांत मंदाकाकू मधोमध होत्या आणि व्यापारीही मधोमध. दोन्ही कानांत दोघंही. नुसती बाग तेवढी चहूकडं पसरली होती. शिडी डावीकडं, क्रेट मागं, कुठंतरी वर पाखरं. कोणी एक बोंड घातलं तरी काकूंचा शब्द न् शब्द ऐकू येईल, आणि दोन घातली तर बागेत जाऊन बसेल. माझंही म्हणणं राखलंस आणि तुझंही. एवढं सुंदर काम तू याआधी केलं नव्हतंस. म्हणजे तुले पटलं होतं! मी बरोबर होती हे तुले पटलं होतं, आनि तू नऊ दिवस फोन नाई केला! मीही नाही केला, ठाऊक आहे.

पुढची मिनिटं मी जुळवायला बसले. मला तुझं मशीन धड येत नाही, चार दिवस लागले. शबाना तिच्या खुर्चीत डोळे मिटून बसायची. मी आवाज सोडायची, ती बोट करायची. कुठं चुकलं की म्हणायची, "बाजी, शिडी दीवार में घुस गई."

सगळ्यात शेवटी तुझा आवाज राहिला. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तू म्हणाला होतास, तुझ्या गळ्यातल्या वेगळ्या माईकवर आहे ते: "चालू हाये. आता कोनी मान हालवू नका. म्हंजे मीच." मी म्हटलं, हे ठेवायचं, भागाच्या अगदी शेवटी. मी तुला मधोमध ठेवलं, मंदाकाकूंसारखं. शबानानं ऐकलं आणि डोळे न उघडता मान हलवली.

"यहाँ से नहीं बोलते थे वो."

"मग कुठून?"

तिनं डाव्या खांद्याजवळ बोट नेलं. "हमेशा इधर. चलते थे तो इधर, बैठते थे तो इधर. मैं उनके दाएँ कान की तरफ रहती थी ना."

तेव्हा मला टपरीचा बाक आठवला, ऑटो आठवला. आणि चिखलदऱ्याचा घाट. उजवीकडच्या बाकावर खिडकी माझी, डावीकडच्या बाकावर खिडकी तुझी. ही लहर नव्हती. मी कायम तुझ्या उजव्या कानाशी यावी म्हणून तू भांडत होतास. घाटात मी ओकत होते आणि तू जागा सोडत नव्हतास, कारण जागा बदलली असती तर मी काय बोलते ते तुला ऐकू आलं नसतं. माझी बडबड ऐकायला तू शर्टाची बाही खराब करून घेतलीस. आणि मी तुला भैताड म्हणाले.

तुझा आवाज मी डावीकडं नेला, पार टोकाला, तू न्यायचास तसा. शेवटी 'आवाजाची मांडणी: शबाना आणि नईम' असं माझ्या तोंडून घातलं. मग शबाना म्हणाली, मंदाकाकू ऐकतात तसं ऐकून पाहू. आम्ही एक साधा इअरफोन काढला, फोनला लावला, दारातल्या पायरीवर शेजारी शेजारी बसलो. मी वायर सोडवली, बोंडांवरची L आणि R ही अक्षरं पाहिली आणि डावं बोंड तिला दिलं.

काकूंचा सौदा झाला. क्रेट आपटले, पाखरं ओरडली. दोघींना सगळं ऐकू आलं. मग शबाना एकदम ताठ झाली, तिनं डाव्या कानावर हात दाबून धरला आणि ती हसली. माझ्या कानात नुसती बाग होती.

मी तिला विचारलंसुद्धा नाही, काय म्हणाला म्हणून. उजवं बोंड कानात धरून तशीच बसून राहिले. असं ऐकू यायचं होय तुला, नईम? शेजारचं माणूस हसतंय आणि आपल्याला पत्ता नाही. दोन वर्षं असा माझ्यासमोर बसून हसत होतास तू, आणि एकदा, फक्त एकदा माझी बाही ओढून म्हणाला असतास, "ताई, इकडून बोला," तर मी जन्मभर इकडूनच बोलले असते ना रे.